‘धावपटूचा चेहरा’ : एका संज्ञेची आणि एका समजाची चिकित्सा

मध्यम वयात लांब पल्ल्याच्या धावण्यास आरंभ करणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला बहुधा परस्परविरोधी असे दोन अभिप्राय येतात. डॉक्टर प्रकृती सुधारल्याचे सांगतात, तर घरची माणसे ‘किती वाळलीस!’, ‘गालफडे पार बसली की!’ असे म्हणून काळजी व्यक्त करतात. या दुसऱ्या अभिप्रायास इंग्रजीतील ‘रनर्स फेस’ या संज्ञेने अलीकडे एक प्रकारची शास्त्रीय प्रतिष्ठा प्राप्त करून दिली आहे. सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या व्यवहारात ती रूढ आहे आणि तेथून ती सामान्य बोलण्यात उतरली आहे. ‘धावपटूचा चेहरा’ असे तिचे मराठी रूपांतर करता येईल. धावण्यामुळे त्वचा सैल पडते, सुरकुत्या येतात आणि मनुष्य आहे त्या वयाहून म्हातारा दिसू लागतो, असा तिचा ध्वन्यर्थ आहे. या धास्तीने धावणे सोडून देणारी माणसे आहेत; आणि ज्या स्त्रीच्या दिसण्याची चर्चा चारचौघांत अधिक होते, तिच्यावर या समजाचे दडपण साहजिकच अधिक येते. तेव्हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. या संज्ञेत जो कार्यकारणभाव गृहीत धरलेला आहे, तो कितपत टिकतो हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेच्या घडणीकडे पाहू. मराठीतील षष्ठी ही विभक्ती संबंध दाखविते; पण तो संबंध कोणता, हे ती सांगत नाही. ‘कुंभाराचे मडके’, ‘मातीचे मडके’ आणि ‘पाण्याचे मडके’ या तिन्ही प्रयोगांत प्रत्यय एकच आहे. संबंध मात्र अनुक्रमे कर्त्याचा, द्रव्याचा आणि प्रयोजनाचा आहे. ‘तापाचा अशक्तपणा’ म्हटले म्हणजे हाच प्रत्यय कारण सुचवितो. ‘धावपटूचा चेहरा’ या प्रयोगाचेही दोन अर्थ संभवतात. धावपटूंमध्ये पुष्कळदा आढळणारा चेहरा, हा एक. धावण्याने घडविलेला चेहरा, हा दुसरा. पहिला अर्थ निरीक्षणाचा आहे, दुसरा उपपत्तीचा. संज्ञा वापरणारा पहिल्या अर्थाने आरंभ करतो आणि नकळत दुसऱ्यावर येऊन ठेपतो. निरीक्षण खरे असेल, म्हणून उपपत्तीही खरी ठरते असे नाही.

आश्चर्य असे की, या परकीय संज्ञेने ज्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, त्या मराठीच्या साध्या क्रियापदांनी पूर्वीच वेगळ्या ठेवल्या आहेत. चेहरा ‘रापतो’, गाल ‘बसतात’ आणि कातडी ‘सुरकुतते’. ही तीन क्रियापदे परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. योगायोगाने असेल, परंतु त्वचाविज्ञानाने केलेल्या पृथक्करणाशी हा भेद बराचसा जुळतो. म्हणून पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

रापणे हे उन्हावाऱ्याचे कार्य आहे. मळ्यात राबणारा शेतकरी किंवा होडीवर दिवस काढणारा कोळी यांचे चेहरे रापलेले असतात, आणि त्यांपैकी कोणी हौसेने मैलभरही धावलेला नसतो. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपैकी आखूड तरंगलांबीचे किरण मुख्यतः बाह्यत्वचेत शोषले जातात. त्यांहून लांब तरंगलांबीचे किरण खालच्या अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतात. तेथे ते कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे विघटन करणारी विकरे वाढवितात, आणि इलॅस्टिनचे तंतू विस्कटून त्यांचे वेडेवाकडे पुंजके होतात. या क्रियेचा परिणाम किती स्थानिक असतो, याचे एक बोलके उदाहरण २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. अठ्ठावीस वर्षे मालमोटार चालविणाऱ्या एका ६९ वर्षांच्या गृहस्थाच्या चेहऱ्याची खिडकीकडील डावी बाजू जाड झालेली व खोल वळ्यांनी भरलेली होती; उजवी बाजू त्या मानाने कितीतरी कमी जून दिसत होती. शरीर एक, वय एक, आहार एक. भेद तेवढा प्रकाशाचा.

लांब पल्ल्याच्या धावपटूस हाच प्रकाश तासन्‌तास मिळतो. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे २१० मॅरेथॉनपटूंची तुलना त्याच वयाच्या व त्याच लिंगाच्या २१० व्यक्तींशी करण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मॅरेथॉनपटूंच्या अंगावर उन्हाचे डाग, विकृत घडणीचे तीळ आणि कर्करोगाची शंका यावी अशा जागा अधिक आढळल्या. वस्तुतः उन्हास लवकर बळी पडणारी कातडी आणि फिक्या रंगाचे डोळे असलेल्या व्यक्ती तुलनेसाठी घेतलेल्या गटातच जास्त होत्या. अर्थात हा फरक जन्मजात त्वचेतून आलेला नाही, आचरणातून आलेला आहे. मात्र ते आचरण म्हणजे पाय हलविणे नव्हे. उघड्यावर, उन्हात, तोकड्या कपड्यांत दीर्घकाळ राहणे, हे ते आचरण होय.

येथे एक मर्यादा नोंदविणे अगत्याचे आहे. गौरवर्णीय त्वचेवर उन्हाची खूण प्रथम सुरकुत्यांच्या रूपाने दिसते; मेलॅनिन अधिक असलेल्या आपल्यासारख्या त्वचेवर ती बहुधा आधी काळसर डागांच्या व असमान रंगाच्या रूपाने प्रकट होते, आणि सुरकुत्या तुलनेने उशिरा येतात. पाश्चात्य ग्रंथांतील वर्णने जशीच्या तशी उचलून महाराष्ट्रातील धावपटूस लावणे म्हणूनच सयुक्तिक नाही. आपल्याकडील ‘रापणे’ या शब्दात काळवंडण्याची जी छटा आहे, ती आपल्या त्वचेच्या स्वभावास धरूनच आहे.

गाल बसणे ही गोष्ट त्वचेची नव्हेच. ती त्वचेखालील मेदाची आहे. चेहऱ्यावरील मेद हा सलग थर नसून निरनिराळ्या कप्प्यांत विभागलेला असतो, हे २००७ साली रॉरिक आणि पेसा यांनी शवविच्छेदनाच्या आधारे दाखविले. वयानुसार हे कप्पे सारख्या गतीने रिते होत नाहीत. म्हणून डोळ्यांखाली खोलगटपणा आणि नाकाच्या बाजूस वळी उमटते. दीर्घ धावण्याने शरीरातील एकंदर मेद घटला की चेहऱ्याचा मेदही घटतो. विशीतील त्वचा लवचिक असल्याने आतला आधार कमी झाला तरी ती आवरून बसते. पन्नाशीतील त्वचेस ते साधत नाही. अमेरिकेत जुळ्या भावंडांच्या १८६ जोड्यांची छायाचित्रे पाहून २००९ साली काढलेला निष्कर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. चाळिशीच्या आतील जोड्यांत अधिक वजनाचे भावंड अधिक वयाचे भासले. चाळिशीनंतरच्या जोड्यांत मात्र अधिक वजनाचेच भावंड तरुण भासले. यावरून असे अनुमान निघते की, उतारवयात बसलेले गाल हे वजन उतरल्याचे फळ आहे. मग ते वजन धावण्याने उतरो, मिताहाराने उतरो की आजाराने. धावणे हे येथे दूरचे कारण आहे, आणि तेही वजन घटेल तेवढ्यापुरतेच.

राहता राहिले सुरकुतणे, म्हणजे खुद्द त्वचेचे जीर्ण होणे. धावताना बसणाऱ्या हादऱ्यांनी गालाची कातडी ओघळते, असे पुष्कळदा सांगण्यात येते. हे विधान ऐकावयास पटण्याजोगे असले तरी ते अनुमानच आहे. धावताना प्राणवायूचा वापर वाढून उपद्रवी मूलके निर्माण होतात, हा दुसरा आक्षेप खरा आहे. परंतु तो अर्धाच खरा आहे, कारण नियमित सरावाने त्या मूलकांचा निरास करणारी शरीरातील विकरेही वाढतात. प्रत्यक्ष प्रयोगांचा कौल तर उलट दिशेस झुकतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात बैठे जीवन जगणाऱ्या वृद्धांकडून तीन महिने नियमित दमसासाचा व्यायाम करविण्यात आला आणि आधी व नंतर त्यांच्या त्वचेचे नमुने तपासण्यात आले. नमुने नितंबावरचे, म्हणजे ज्या त्वचेस ऊन लागत नाही अशा जागेचे होते. व्यायामानंतर त्या त्वचेची रचना तरुण वयातील त्वचेच्या जवळ सरकलेली आढळली, आणि स्नायूंतून रक्तात येणाऱ्या इंटरल्युकिन-१५ या द्रव्याशी त्याचा संबंध जोडण्यात आला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२३ साली जपानमधील संशोधकांनी मध्यमवयीन स्त्रियांवर सोळा आठवड्यांचा प्रयोग केला. त्यात दमसासाच्या व्यायामाने त्वचेची लवचिकता वाढली. वजने उचलण्याच्या व्यायामाने लवचिकतेबरोबर अंतस्त्वचेची जाडीही वाढली. हे प्रयोग लहान आहेत आणि त्यांतील व्यायाम मॅरेथॉनच्या मानाने सौम्य आहे, हे विसरता कामा नये. तथापि, एवढे निश्चित की, ऊन आणि वजनातील घट ही दोन कारणे बाजूस काढली असता, व्यायाम त्वचेस म्हातारी करतो या मतास आधार उरत नाही.

आता ‘दिसणे’ आणि ‘होणे’ या दोन क्रियापदांचा विचार करू. ‘तो म्हातारा दिसतो’ आणि ‘तो म्हातारा झाला’ ही विधाने सामान्यतः बरोबरीने चालतात. सत्तरीपुढील १८२६ डॅनिश जुळ्यांच्या अभ्यासात, जोडीपैकी जो अधिक वृद्ध दिसे तो आधी मृत्यू पावण्याचा संभव अधिक, असे २००९ साली आढळून आले. चेहऱ्यावरून प्रकृती ताडण्याची लोकरीत सर्वस्वी निराधार नाही, असा याचा अर्थ. परंतु जो नियम समूहास लागू आहे, तो प्रत्येक उपसमूहास लागू असतोच असे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशीवरील ५३८ धावपटू आणि ४२३ इतर व्यक्ती यांचा मागोवा घेतला. एकोणीस वर्षांनंतर धावपटूंपैकी १५ टक्के, तर इतरांपैकी ३४ टक्के मृत्यू पावले होते; अपंगत्वही धावपटूंत उशिरा आले. धावण्यास प्रवृत्त होणारी माणसे मुळातच अधिक सुदृढ असू शकतात, ही शंका अशा निरीक्षणात्मक अभ्यासाबाबत रास्त आहे. संशोधकांनी आरंभीच्या भेदांचा हिशेब धरूनही अंतर शिल्लक राहिले. अर्थात रापलेल्या व गाल बसलेल्या धावपटूच्या ठिकाणी ‘दिसणे’ एका वाटेने आणि ‘होणे’ दुसऱ्या वाटेने जाऊ शकते. त्याचा चेहरा वाचताना नेहमीचा नियम चुकण्याचा संभव असतो.

या पृथक्करणाचा व्यावहारिक उपयोगही आहे. कारण एकच मानले की उपायही एकच उरतो, तो म्हणजे धावणे सोडणे. कारणे वेगळी केली की प्रत्येकाचा उपाय वेगळा होतो. रापण्यावर उपाय उन्हाचा करावयाचा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे पंचावन्न वर्षांखालील ९०३ व्यक्तींवर १९९२ ते १९९६ या काळात प्रयोग झाला. ज्यांना रोज सनस्क्रीन लावावयास सांगितले होते, त्यांच्या हाताच्या पाठीवरील त्वचेचे जून होणे, मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांच्या मानाने २४ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडे पहाटे धावण्याचा प्रघात आहे, तो या दृष्टीनेही हितावह आहे. मुंबईची वार्षिक मॅरेथॉन पहाटे सुरू होते, तरी ४२.१९५ किलोमीटर अंतर पाच-साडेपाच तासांत काटणारा स्पर्धक सूर्य बराच वर येईपर्यंत रस्त्यावर असतो, हेही ध्यानात ठेवावे. स्वतःची सावली स्वतःच्या उंचीहून आखूड झाली की ऊन तीव्र झाले, ही खूण कोणासही उपकरणावाचून पाहता येते. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वेळेची निवड यांना त्वचेच्या रक्षणात सनस्क्रीनइतकेच स्थान आहे. गाल बसण्यावर उपाय आहाराचा: वजन गरजेपेक्षा खाली जाऊ न देणे आणि अंतराच्या प्रमाणात खाणे. आणि सुरकुतण्याच्या बाबतीत, वजने उचलण्याच्या व्यायामाची धावण्यास जोड देणे, हे उपलब्ध पुराव्यास धरून होईल.

‘धावपटूचा चेहरा’ ही संज्ञा मराठीत आणावयाचीच झाली, तर ती वर्णनापुरती ठेवावी. निदान म्हणून वापरू नये. आणि कोणी धावणाऱ्यास ‘चेहरा बिघडला’ असे म्हटल्यास, तो रापला आहे की गाल बसले आहेत, एवढा प्रश्न तरी आधी विचारावा. पहिल्याचे उत्तर टोपीत आहे आणि दुसऱ्याचे ताटात. धावणे सोडण्याचे कारण त्या दोहोंतही नाही.