पाणी कुठवर आलं होतं?

सांगलीत पुराचं माप फुटांत सांगतात, आणि ते फूट कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ मोजलेले असतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या आसपास गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्या वर आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या पुढे. कोल्हापुरात हाच हिशेब पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा: ३९ आणि ४३. नदीकाठच्या या शहरांत जुनं घर विकत घ्यायचं असेल, तर शेजारी-पाजारी विचारण्याचा प्रश्न याच मापात विचारावा: ‘किती फुटांना या गल्लीत पाणी येतं?’ ‘पूर आला होता का?’ या प्रश्नाला ‘तसा फार नाही’ असं मोघम उत्तर मिळू शकतं. फुटांचा प्रश्न विचारला की किराणा दुकानदारही आकडा सांगतो आणि भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतो.

मग घराकडे वळावं. विक्रीआधी रंग दिलेला असतो आणि त्यात गैर काही नाही, पण रंग फक्त दर्शनी भागाला लागतो. पूर मात्र घराच्या प्रत्येक पोकळीत शिरलेला असतो. म्हणून जिथे ब्रश पोचत नाही, तिथे बघायचं.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे गाळाची रेघ. साचलेल्या पाण्याची पातळी घरभर एकच असते. त्यामुळे पुराची रेघ बैठकीत, स्वयंपाकघरात, जिन्याखाली, सगळीकडे एकाच उंचीवर येते. ओट्याखालच्या कोनाड्यात, भिंतीला ठोकलेल्या कपाटामागे, जिन्याच्या पोटाला, मीटरच्या पेटीमागे आणि कुंपणाच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ती शोधावी. कृष्णेचा गाळ बारीक आणि काळसर. चिपळूणला वाशिष्ठीच्या पुरानंतर राहतो तो तांबूस. दोन खोल्यांतल्या खुणा ताडून बघताना जमिनीपासून मोजू नका, कारण मोरी आणि मागचं अंगण बऱ्याचदा खाली असतं. गवंडी पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तीच इथे धरावी. दोन्ही खुणा त्या पातळीत आल्या, तर ती पुराचीच रेघ.

इथे ओल आणि पूर यांची गल्लत होते, म्हणून थोडं थांबून समजून घेऊ. स्लॅबची किंवा वरच्या न्हाणीघराची गळती वरून खाली येते आणि तिचे डाग वेडेवाकडे पसरतात. जोत्यातून चढणारी ओल पूर न पाहिलेल्या घरातही असते; ती साधारण कमरेपर्यंत येते आणि तिची वरची कड लाटेसारखी असते. पुरात या दोन्हींपेक्षा वेगळं घडतं. दिव्याची वात तेल वर ओढते तशी वीट आणि गिलावा पाणी वर ओढतात, त्यामुळे भिंत पुराच्या पातळीच्याही वर भिजते. पाणी ओसरल्यावर ही ओल भिंतीच्या पृष्ठभागातून उडून जाते आणि तिच्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक रंगाच्या थराखाली वाढतात आणि रंग ढकलून पोपडे काढतात. हाच लोणा. तो रंगाने दबत नाही, कारण यातले काही क्षार पावसाळ्यातल्या दमट हवेतून पाणी शोषतात, विरघळतात आणि हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होतात. दर वर्षी हे चक्र फिरतं. म्हणून खाली सरळ गाळरेघ आणि तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा ओबडधोबड पट्टा अशी जोडी दिसली, तर शंका उरत नाही. पण पाण्याची उंची म्हणून गाळरेघच धरावी. लोणा बघून अंदाज केला तर आकडा फुगतो.

या कारणाने माझा आग्रह असतो की घर एकदा तरी पावसाळ्यात किंवा तो सरल्या-सरल्या बघावं. एप्रिलमधली कोरडी भिंत काही बोलत नाही. बंद ठेवलेल्या खोलीचं दार उघडून आधी वास घ्यावा. कुबट वास लाकडातून आणि भिंतीतून येतो, आणि तो सहजी जात नाही.

लाकूड आणि लोखंड तर उंचीसुद्धा सांगतात. दाराच्या तीन बिजागऱ्या एकमेकींशी ताडून पाहा. खालच्या दोन गंजलेल्या आणि वरची स्वच्छ असेल, तर पाणी मधल्या आणि वरच्या बिजागरीच्या मध्ये कुठेतरी थांबलं होतं. प्लायवूडच्या दाराचे खालचे थर सुटतात. चौकट फुगून पुन्हा आकसते आणि भिंतीशी फट सोडते. २०१९ मध्ये सांगलीच्या बऱ्याच भागांत पाणी दिवसेंदिवस हललं नाही; अशा साचलेल्या पाण्यात फर्निचर जास्त कुजतं. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये पाणी वेगाने आलं आणि चिखल सोडून गेलं. तिथे फरशीखाली आणि गटारांत अडकलेला गाळ जास्त शोधावा लागतो.

विजेचं काम वायरमनला सोबत घेऊनच बघावं. मेन स्विच बंद करून खालच्या प्लगपॉइंटची पट्टी उघडली, की भिंतीतल्या पेटीच्या तळाशी गाळाचा सुकलेला थर दिसू शकतो. नव्या पट्टीमागे गंजलेले स्क्रू असतील, तर वायरिंग जुनंच आहे असं समजावं आणि वायरमनकडून तारांच्या आवरणाची चाचणी करून घ्यावी. सगळे प्लगपॉइंट छातीच्या उंचीवर गेलेले असतील आणि त्यांच्या खाली बुजवलेले चौकोन दिसत असतील, तर मात्र मला बरं वाटतं. त्या माणसाने पुरातून शिकून दुरुस्ती केली आहे.

रंग आणि लाकूड बदलता येतं. पाया बदलता येत नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या भेगा, एका बाजूला कललेलं जोतं, ठोकल्यावर पोकळ वाजणारी फरशी यांच्याकडे डोळेझाक करू नये. मातीत बांधलेल्या जुन्या वाड्याच्या भिंती तर बाहेरून सिमेंटचा गिलावा देऊन धडधाकट दिसतात आणि आत ओल कोंडून ठेवतात. असं घर अभियंत्याला दाखवल्याशिवाय विसारही देऊ नये.

कागदही बघायचे आहेत. पाटबंधारे खात्याच्या पूररेषांत निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. घराचा सर्व्हे नंबर त्यांच्या कुठल्या बाजूला पडतो, हे नगररचना कार्यालयात कळतं. दुरुस्ती किंवा वाढीव बांधकामाची परवानगीही त्यावरच ठरते. पुरानंतर बाधित घरांचे पंचनामे होतात; विकणाऱ्याकडे त्याची प्रत मागावी, आणि पाणी आलं नव्हतं असं तो म्हणत असेल तर ते विक्रीच्या करारात लिहून घ्यावं.

एवढं हाती आल्यावर भाव ठरवायचा. ५७ फुटांना गुडघाभर पाणी आलेलं, नीट दुरुस्त केलेलं घर मी घेऊ म्हणेन. ४५ फुटांनाच उंबऱ्याशी पाणी येत असेल, तर वर मजला हवा, तिथे सामान चढवायला रुंद जिना हवा, आणि या सगळ्याचा खर्च किमतीतून वजा व्हायला हवा.