गुऱ्हाळात रस आटविण्यापूर्वी: आर. ओ. यंत्राचा विचार

खानदेशात तापी, गिरणा व पांझरा यांच्या काठी जेथे ऊस पिकतो, तेथील गुऱ्हाळवाल्यांना जळणाची चिंता नवी नाही. गूळ करणे म्हणजे मुख्यतः रसातील पाणी घालविणे होय. 1,000 किलो रसात 18 टक्के घन अंश असल्यास मळीची घट सोडून सुमारे 200 किलो गूळ होतो. उरलेले 800 किलो पाणी वाफ करून उडवावे लागते. चिपाड ओले राहिले किंवा अपुरे पडले की लाकूड विकत आणावे लागते, आणि कष्टाचा नफा चुलवणात जळून जातो.

कॅनडात मेपल वृक्षाचा रस आटवून पाक करतात. त्या रसात साखर अवघी 2 टक्के असते. तेथील शेतकरी रस प्रथम आर. ओ. यंत्रातून, म्हणजे व्यस्त परासरणाने, दाट करतात. पंपाच्या दाबाने पाणी सूक्ष्म पडद्यातून पार जाते व साखर मागे राहते. रस 8 टक्क्यांवर आला की तीन चतुर्थांश पाणी जाळाविना गेलेले असते.

आपल्या उसाच्या रसाला हा लाभ तितका मोठा नाही, कारण तो मुळातच दाट असतो. 18 टक्क्यांचा रस 24 टक्क्यांवर आणल्यास 1,000 किलोमागे 250 किलो पाणी निघते. म्हणजे आटविण्याचे काम सुमारे तीन दशांशाने कमी होते. एवढे पाणी उकळत्या काहिलीतून उडविण्यास सुमारे 157 युनिट विजेइतकी उष्णता लागते. पंपास त्याचा लहानसा अंशच पुरतो.

मात्र पिण्याच्या पाण्याचे घरगुती यंत्र येथे मुळीच चालणार नाही. 24 टक्के रसाचा स्वतःचा परासरण दाबच वातावरणाच्या सुमारे 25 पट असतो. पंपाचा दाब त्याहून बराच अधिक हवा. स्वस्त यंत्र घेऊन कोणीही फसू नये.

यंत्र बसविताना पुढील क्रम पाळावा:

1. रस गाळून निवळू द्यावा. मेण, डिंक व माती पडदा बुजवितात, म्हणून आर. ओ. पूर्वी अधिक बारीक गाळणीचा पडदा हवाच.
2. रस थंड असतानाच यंत्रात घालावा. उकळता रस पडद्याचा नाश करतो.
3. विलंब टाळावा. रस आंबला तर गुळाची ढेप नीट बसत नाही.
4. काम संपताच पडदा धुवावा. ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरू नये. क्लोरिनने पडदा खराब होतो.
5. निघालेले पाणी भांडी धुण्यास वापरावे.

ज्याचे चिपाड पुरून उरते, त्याने या खर्चात पडू नये. त्याने आधी चुलवण सुधारावे व चिपाड नीट वाळवावे. ज्याला दरवर्षी लाकूड विकत घ्यावे लागते, त्याने मात्र शेजारच्या गुऱ्हाळवाल्यांसह एकत्र यंत्राचा हिशेब मांडावा. ग्रामसेवकांनी प्रत्येक गुऱ्हाळाच्या हंगामभराच्या जळणाची नोंद ठेवण्यास साहाय्य करावे. नोंदीवाचून घेतलेले यंत्र कोपऱ्यात गंजत पडते. नोंद पाहून घेतलेले यंत्र आपला खर्च भरून काढते की नाही, हे तरी कळते.