न दाखवलेलं जेवण

पॅरिसमधला एक श्रीमंत प्रकाशक आणि त्याचे मित्र दर आठवड्याला एक दुष्ट खेळ खेळतात. प्रत्येकाने जेवणाला एकेक मूर्ख घेऊन यायचं, त्याला मनसोक्त बोलू द्यायचं आणि सगळ्यांनी मनातल्या मनात हसायचं. ज्याचा पाहुणा सगळ्यांत मूर्ख ठरेल, तो जिंकला. फ्रान्सिस वेबेर यांचं ‘ल दिने द कों’ हे नाटक १९९३ साली पॅरिसच्या रंगमंचावर आलं आणि १९९८ साली त्यांनीच त्याचा चित्रपट केला. फ्रान्समध्ये त्याची ९० लाखांहून अधिक तिकिटं खपली. पटकथेला, झाक व्हिलरे यांच्या मुख्य भूमिकेला आणि दानिएल प्रेव्हो यांच्या साहाय्यक भूमिकेला सेझार पुरस्कार मिळाले.

या चित्रपटात ते जेवण प्रत्यक्षात कधी होतच नाही. प्रकाशक ब्रोशांची पाठ धरते आणि त्याला घरीच पडून राहावं लागतं. त्याने हेरलेला ‘मूर्ख’ फ्रान्स्वा पिन्यों हा अर्थखात्यातला साधा कर्मचारी. आगपेटीच्या काड्यांपासून आयफेल टॉवर उभारणं हा त्याचा छंद. तो मदत करायला म्हणून जातो आणि प्रत्येक फोनसरशी यजमानाचा संसार आणखी मोडतो. पुढे घरी येतो करखात्याचा निरीक्षक. श्रीमंती दिसू नये म्हणून भिंतींवरची चित्रं घाईघाईने उतरवली जातात आणि उंची वाइनमध्ये व्हिनेगर ओतलं जातं. तेवढ्याने वाइनची चव आणखी सुधारते! सारी गंमत ८० मिनिटांची आणि जवळजवळ एकाच घरात घडणारी. दुसऱ्याला हसायला निघालेला माणूस स्वतःच्याच घरात कोंडला जातो, हा या रचनेचा न्याय आहे.

२०१० साली जे रोच यांनी अमेरिकेत त्यावरून ‘डिनर फॉर श्मक्स’ काढला. पॉल रड आणि स्टीव्ह करेल यांच्यासारखे कसलेले नट आणि जवळपास ७ कोटी डॉलरचा खर्च. जगभरातून वसुली झाली साडेआठ कोटींच्या आसपास. नट कुठेच कमी पडले नाहीत. करेल यांचा बॅरी मेलेल्या उंदरांना कपडे घालून देखावे रचतो. ही कल्पना फ्रेंच काड्यांइतकीच वेडी आणि हळवी आहे. चुकलं ते पटकथेत, आणि दोन ठिकाणी.

पहिली चूक नायकाच्या हेतूची. ब्रोशां हा खेळ हौसेने खेळतो, म्हणून त्याची फजिती हक्काची वाटते. अमेरिकन नायक टिम मात्र बढतीसाठी, साहेबांच्या दबावाखाली, मनाविरुद्ध तिथे जातो. प्रेक्षकाला नायक आवडलाच पाहिजे, या हट्टापायी त्याचा गुन्हा पुसला गेला. गुन्हाच नसेल तर शिक्षेचं हसू कुठून येणार? दुसरी चूक म्हणजे ते जेवण पडद्यावर थाटामाटात दाखवलं. आपण कल्पनेत रंगवलेलं क्रौर्य तिथे आरडाओरड आणि पळापळ होऊन संपलं. चित्रपटाची लांबीही दोन तासांच्या जवळ गेली.

मग परकी विनोदी कलाकृती अमेरिकेत रुजतच नाही का? रुजते. १९७८ चा ‘ला काज ओ फोल’ हा फ्रेंच-इटालियन चित्रपट मुळात झां प्वारे यांच्या नाटकावरचा, आणि त्याच्या पटकथेतही वेबेर यांचा हात होता. १९९६ साली माइक निकल्स यांनी ‘द बर्डकेज’ या नावाने तो अमेरिकेत आणला. पटकथा इलेन मे यांची. सां त्रोपेचा नाइटक्लब मायामीच्या साउथ बीचवर आला आणि नीतीचे धडे देणारा फ्रेंच पुढारी अमेरिकन सिनेटर झाला. त्याच वर्षी अमेरिकन संसद समलिंगी विवाहाविरुद्ध कायदा करत होती, त्यामुळे सिनेटरचं पात्र तिथल्या प्रेक्षकाला ओळखीचं होतं. कथेचा सांगाडा मात्र तसाच राहिला: घर सजवून खोटं कुटुंब उभं करणं, ते खोटं कोसळणं आणि शेवटी नीतिरक्षकालाच बायकी वेष चढवून पळ काढावा लागणं. एकट्या अमेरिकेत चित्रपटाने १२ कोटी डॉलरहून अधिक कमावले.

घराचा रंग बदला, खिडक्या बदला, पण आढं पेलणाऱ्या भिंतीला हात लावू नका, एवढाच हा धडा. सागर बल्लारी यांच्या २००७ च्या ‘भेजा फ्राय’ला तो उमगला होता. वेबेर यांच्या चित्रपटाशी त्याचं साम्य उघड आहे. तिथला पिन्यों मुंबईत आयकर खात्यातला, गाण्याचं वेड असलेला भारत भूषण झाला. यजमानाची पाठही तशीच धरली, आणि विनय पाठक यांनी तुटपुंज्या खर्चात तो चित्रपट तोलून धरला.

आचार्य अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’वरून ‘मोरूची मावशी’ रचली तेव्हापासून तरी मराठी रंगभूमी हे कौशल्य जाणते. आज परक्या चित्रपटांचे हक्क घेऊन रूपांतर करणाऱ्या लेखकांनी संवादाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारावा: या गोष्टीत शिक्षा कुणाला होते, आणि ती त्याने ओढवून घेतलेली आहे का? उत्तर सापडल्याशिवाय पहिलं दृश्य लिहू नये.