घटस्फोटानंतर घराचा विमा कोणाच्या नावे?

जुलै उजाडला की कोल्हापूरकरांच्या सकाळच्या बोलण्यात एक प्रश्न येतोच: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे येथील शाळकरी मूलही सांगेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने ५५ फुटांची रेषाही ओलांडली. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर येथील तळमजल्यांत पाणी शिरले. अशा गावात घराचा विमा ही चैन नव्हे. तरीही तो बहुधा घरातील एकाच माणसाने काढलेला असतो आणि कपाटात ठेवल्यावर पुन्हा कोणी उघडून पाहत नाही. संसार मोडतो तेव्हा नेमका हाच कागद विस्मरणात जातो.

कदाचित आपली मुलगी घटस्फोटानंतर वेगळ्या घरात राहत असेल आणि आपण आता तिच्याकडे असाल. कदाचित उतारवयात आपणच विभक्त झाला असाल. ‘घटस्फोट’ हा शब्द उच्चारताना आपला आवाज अजूनही खाली जातो. वास्तविक राजर्षी शाहू महाराजांनी याच करवीर संस्थानात १९१९ च्या सुमारास घटस्फोटाचा कायदा केला होता. पोटगी आणि दागिने यांविषयी वकिलांशी तासन्‌तास बोलणारी कुटुंबे विमा कंपनीला मात्र ही गोष्ट कळवायला संकोचतात. हा संकोच महागात पडू शकतो.

कारण असे, की विमा नुसत्या भिंतींचा नसतो. त्या भिंतींत ज्याचे आर्थिक हित गुंतलेले आहे, त्याच्याशी झालेला तो करार असतो. समजा, तडजोडीत घर पत्नीकडे आले, पण पॉलिसी पूर्वीच्या पतीच्याच नावे राहिली. पुराने नुकसान झाले तर पॉलिसीधारकाचे हित संपलेले आणि जिचे हित आहे तिचे पॉलिसीवर नावच नाही, अशी अवस्था होते. हप्ता नियमित भरलेला असूनही दावा अडतो.

म्हणून विम्याची चौकशी करण्याआधी मालकीचे कागद पाहावेत. शहरात मिळकत पत्रिका, फ्लॅट असल्यास संस्थेचे भागपत्र. न्यायालयाच्या हुकूमनाम्यात घर आपल्याला दिल्याचे लिहिले, म्हणून या कागदांवरचे नाव आपोआप बदलत नाही. नोंदणीकृत दस्त करावा लागेल का, हे वकिलांना स्पष्ट विचारावे. घरफाळ्याच्या पावतीवर नाव लागले की मालकी झाली, हा समज आपल्याकडे फार दृढ आहे. तो खरा नाही. कर्ज दोघांच्या नावे असेल, तर तुमच्या आपसांतील तडजोडीने बँक बांधली जात नाही. बँकेने लेखी मुक्त करेपर्यंत दोघेही कर्जदारच राहतात. शिवाय कर्जासोबत ‘विमा काढला आहे’ असे बँकेत सांगितले गेले असेल, तर तो घराचा की कर्जदाराच्या जीवनाचा, हे उघडून पाहा. अनेकदा तो दुसराच निघतो.

नवा विमा घेताना ‘भारत गृह रक्षा’ हे नाव लक्षात ठेवावे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ही प्रमाणित पॉलिसी लागू केली असून तिच्या मूळ अटी सर्व कंपन्यांत सारख्याच असतात. त्यामुळे तुलना हप्त्याची आणि दावे निकाली काढण्याच्या पद्धतीची करायची, एवढेच उरते. आग, पूर, वादळ, भूकंप, पाण्याची टाकी फुटणे हे सारे तिच्यात येते. विम्याची रक्कम चटई क्षेत्र आणि बांधकामाचा दर यांच्या गुणाकाराने ठरते. जागेची किंमत त्यात धरत नाहीत. उदाहरणार्थ, ६०० चौरस फुटांचे घर आणि २,००० रुपये दर धरला तर १२ लाख. घरातील सामान्य वस्तूंना त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजारांचे संरक्षण आपसूक मिळते. त्याची कमाल मर्यादा १० लाख. सामान अधिक असेल तर तपशील देऊन रक्कम वाढवता येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या लेकीला केवळ सामानाचाही विमा घेता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दागिने मात्र या सामान्य वस्तूंत मोडत नाहीत. स्त्रीधन घरीच ठेवत असाल, तर मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक कलम मुद्दाम मागून घ्यावे. दुसरे ऐच्छिक कलम अपघाती मृत्यूचे: विमाधारक आणि त्याचा जोडीदार यांना प्रत्येकी ५ लाख. जुन्या पॉलिसीत ते असेल तर ‘जोडीदार’ या शब्दाचा अर्थ घटस्फोटाने बदलला आहे, हे ध्यानात घ्या. लेकीकडे राहणारी वृद्ध आई या कलमात बसत नाही.

ज्येष्ठांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत मोलाचे कलम वेगळेच आहे, आणि त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. घर राहण्यायोग्य उरले नाही, तर दुरुस्तीच्या काळात पर्यायी निवासाचे भाडे या पॉलिसीत मिळू शकते. पूर ओसरल्यानंतरच्या ओल्या, कुबट खोलीत दम्याच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला परत आणणे म्हणजे नवे आजारपण ओढवून घेणे. दोन पगारांच्या घरात भाड्याची सोय कशीबशी होते. एकट्या मिळवत्या बाईला ती जड जाते, आणि मग आईला घाईने त्याच खोलीत आणले जाते. त्यामुळे या भाड्याची मर्यादा व मुदत किती, हे विकत घेतानाच लेखी विचारून घ्या. रुग्णशय्या, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, चाकांची खुर्ची यांची बिले सामानाच्या यादीसोबत जोडा. या वस्तू भाड्याने आणल्या असतील तर तसे सांगा.

हे सर्व मे महिन्यातच उरकावे. पाणी गल्लीत आल्यावर घेतलेल्या विम्याचा त्या पुरासाठी उपयोग नाही. प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवा. मूळ पॉलिसी माळ्यावर ठेवा, खालच्या कपाटात नको. नुकसान झालेच तर कंपनीला तत्काळ कळवा आणि सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेल्या वस्तू, निदान त्यांची छायाचित्रे, जपून ठेवा. शासकीय पंचनामा आणि विम्याचा दावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत; एक झाला म्हणून दुसरा सोडू नका.

कंपनीने दावा नाकारला, किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिले नाही, तर कोल्हापूरकरांसाठी पुण्याच्या विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रार मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत करावी लागते. नियामकाकडे गाऱ्हाणे नोंदवण्यासाठी १५५२५५ हा क्रमांक आहे. तो मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावून ठेवा.