३५ हजार माशांची खतावणी

बांगडा मोजायचा म्हणजे नेमका कुठून कुठपर्यंत? बाजारात हा प्रश्न कुणी विचारत नाही. मत्स्यशास्त्रात त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजली तर ती एकूण लांबी. शेपटीच्या दोन फाट्यांमधल्या खाचेपर्यंत मोजली तर दुसरी. शेपूट अजिबात न धरता, कणा संपतो तिथपर्यंत मोजली तर तिसरी. मासा एकच, आकडे तीन. माशाचं वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे लांबी दुप्पट झाली की वजन आठपट. त्यामुळे शोधनिबंधात कोणती लांबी घेतली ते लिहायचं राहिलं आणि दहा टक्क्यांचा फरक पडला, तर वजनाचा हिशेब पाव हिश्शाहून जास्त चुकतो.

असले घोळ निस्तरणं हे ‘फिशबेस’च्या माणसांचं रोजचं काम आहे. जगातल्या ३५ हजारांहून अधिक मत्स्यप्रजातींची माहिती असलेला हा कोश इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतो. माशाचं शास्त्रीय नाव, तो कुठे सापडतो, काय खातो, कितव्या वर्षी अंडी घालतो, किती वाढतो, हे सगळं त्यात आहे. शिवाय जगभरच्या भाषांतली तीन लाखांहून अधिक बोलीनावं आहेत, मराठीही आहेत.

कल्पना डॅनियल पॉली यांची. फ्रान्समध्ये जन्मलेले, जर्मनीतल्या कील इथे शिकलेले पॉली १९७९ मध्ये मनिलाच्या एका आंतरराष्ट्रीय मत्स्यसंशोधन केंद्रात दाखल झाले. थंड समुद्रांतल्या माशांचं वय त्यांच्या कानातल्या खड्यांवरची वार्षिक वलयं मोजून काढता येतं. उष्ण कटिबंधात ही वलयं नीट उमटत नाहीत. त्यात गरीब देशांतल्या संशोधकांकडे ग्रंथालयं नव्हती आणि परदेशी नियतकालिकांची वर्गणी परवडत नव्हती. दुसऱ्या कुणी आधीच मोजून ठेवलेलं एका जागी मिळालं तर निदान सुरुवात तरी करता येईल, हा पॉलींचा सरळ विचार. कीलचेच राइनर फ्रोझे त्यांना येऊन मिळाले, युरोपीय आयोगाने पैसा दिला आणि १९९० च्या सुमारास काम उभं राहिलं. १९९५ मध्ये सीडी निघाली, १९९६ मध्ये संकेतस्थळ.

इतिहास एवढा पुरे. खरी गंमत फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस गावात आहे. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना ‘आयआर-८’ भात आठवत असेल. तो जिथे तयार झाला त्या भातसंशोधन संस्थेच्या आवारात, गुरदेवसिंग खुश या पंजाबी भातशास्त्रज्ञाच्या नावाच्या इमारतीत, माशांचा हा कोश कित्येक वर्षं भरला गेला. भरणाऱ्या बहुतेक स्थानिक स्त्रिया, जीवशास्त्राच्या पदवीधर. निबंध आला की त्याला क्रमांक द्यायचा, तो वाचायचा, आणि त्यातला एकेक आकडा त्याच्या त्याच्या रकान्यात टाकायचा. नाव सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमीतल्या एश्मायर यांच्या मत्स्यसूचीशी ताडून पाहायचं. प्रजातीलाही क्रमांक असतो. शास्त्रज्ञांनी नाव बदललं तरी तो बदलत नाही, म्हणून मागच्या नोंदी निराधार होत नाहीत.

प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या निबंधातून आला ते लिहिलेलं असतं. नोंद कुणी केली, दुरुस्त कुणी केली, तपासली कुणी, तेही तारखांसह. एखाद्या जुन्या पेढीची खतावणी अशीच असते: रक्कम कितीही किरकोळ असो, तिच्यामागे पावती आणि सही पाहिजे. इंटरनेटवर माहितीचे ढीग लागले आहेत. इतकी शिस्त त्यांत क्वचित दिसते.

चूक पकडायची एक युक्ती तर फारच देखणी आहे. वजन-लांबीच्या समीकरणात दोन स्थिरांक असतात. एका प्रजातीवर वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांतले हे दोन आकडे, त्यातल्या एकाचा लॉगॅरिदम घेऊन, आलेखावर मांडले की सगळे ठिपके जवळपास एका सरळ रेषेत येतात. एखादा ठिपका रेषेपासून फटकून बसला, तर मूळ निबंधात काहीतरी गडबड आहे असं समजायचं: सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर, खाचेऐवजी टोक, नाहीतर मासाच दुसरा.

मासाच दुसरा असणं हे सगळ्यांत अवघड दुखणं. बोलीनावांचे गोंधळ त्या मानाने सोपे. आपला हलवा ‘ब्लॅक पॉम्फ्रेट’ म्हणून विकला जातो, पण तो पापलेटच्या कुळातला नाही. कोशात दोघांची पानं वेगळी आहेत, मिटलं. पापलेटचं तसं नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर केलेलं हे पापलेट पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या ‘पाम्पस अर्जेंटियस’ होतं. ते नाव युफ्रासेन या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये चीनकडच्या माशाला दिलेलं. २०१९ मध्ये भारतीय संशोधकांनी डीएनए आणि शरीररचना तपासून दाखवलं, की हिंदी महासागरातलं रुपेरी पापलेट निराळं आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ क्युविए यांनी १८२९ मध्ये दिलेलं आणि पुढे अडगळीत गेलेलं ‘पाम्पस कँडिडस’ हे नाव त्यांनी पुन्हा वर काढलं.

आता जुन्या निबंधांचं काय करायचं? क्रमांक नावाला सांभाळतो. एका नावाखाली दोन मासे निघाले तर तो हतबल. मग प्रत्येक निबंध उघडून नमुने कोणत्या समुद्रातले होते ते पाहायचं आणि नोंद इकडची तिकडे करायची. नमुने ‘बाजारातून घेतले’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तेही जमत नाही. प्रश्न नुसत्या पंडितांचा नाही. २०२३ मध्येच महाराष्ट्राने ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. असा नियम करताना मादी कोणत्या लांबीला गाभोळीवर येते हे माहीत असावं लागतं; दोन माशांची सरासरी दोघांच्याही उपयोगाची नसते.

दुसरी काळजी पोकळ्यांची. हजारो प्रजातींचं वजन-लांबीचं एकही मोजमाप झालेलं नाही. २०१४ मध्ये फ्रोझे आणि सहकाऱ्यांनी शरीराचा आकार आणि जवळचे भाऊबंद पाहून असे आकडे अंदाजण्याची रीत मांडली. अंदाज आहे हे पानावर लिहिलेलं असतं. पण आज पुष्कळ संशोधक पान उघडतच नाहीत. संगणकाच्या आज्ञावलीतून हजारो प्रजातींचे आकडे एका झटक्यात उचलतात, आणि मोजलेला आकडा कोणता, अंदाजलेला कोणता, हे मागे राहतं. संदर्भात ‘फिशबेस’ एवढंच लिहिलं जातं. समजा, रत्नागिरीच्या एखाद्या संशोधकाने वर्षभर बंदरावर उभं राहून बोंबील मोजले. त्याचं नाव संदर्भांच्या यादीत येतच नाही.

आणि पैसा. युरोपीय आयोगाचं मोठं अनुदान संपत आलं तेव्हा, २००० मध्ये, संग्रहालयं, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांनी एकत्र येऊन कोश चालवायला घेतला. नवा कोश काढायला अनुदान मिळतं, जुन्यात रोज वीस ओळी दुरुस्त करायला देणगीदार शोधावे लागतात. निबंध मात्र येतच राहतात, आणि ते वाचून कोणती लांबी घेतली आहे ते ठरवायला अजूनही माणूसच बसावा लागतो.