तांब्याला कथील लागतं कसं?

तांब्या-पितळेच्या पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर राहिली की सकाळी कळकते. त्यावरचा उतारा म्हणजे कल्हई, भांड्याला आतून दिलेला कथलाचा पातळ थर. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कल्हईवाल्यानं भाता मांडला की आम्ही पोरं रिंगण धरून बसायचो. नवसागराच्या धुरानं डोळ्यांत पाणी यायचं, पण उठायचं कुणी नाही.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ला. मधे साडेआठशे अंशांची दरी, तरी दोघं चिकटतात. कारण दोघांनी वितळायची गरजच नसते. कथलानं वितळायचं, तांब्यानं नुसतं तापायचं.

खरी आडकाठी वेगळीच असते. हवेत तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा काळपट पापुद्रा धरतो. त्यावर कथील पसरत नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळ्या होऊन पळतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापला की फुटतो आणि अमोनियाबरोबर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हा वायू तो पापुद्रा खाऊन टाकतो. खालचं कोरं तांबं उघडं पडलं, की कथलाची कांडी टेकवायची, कापसाचा बोळा फिरवायचा आणि भांडं पाण्यात. चुर्र!

कल्हई वरवरची, असं आपण सहज म्हणून जातो. कल्हईवर तो थोडा अन्यायच आहे. दोन धातू भेटतात तिथे तांब्याचे सहा अणू आणि कथलाचे पाच, अशा हिशेबानं एक तिसराच पदार्थ तयार होतो. हा अतिशय पातळ थरच कथलाला धरून ठेवतो. कोल्हापूरच्याच टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे, १९४०च्या दशकात ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली. कांस्य म्हणजे हीच जोडी, तांबं आणि कथील. पण एकत्र वितळून एकजीव झालेली. कल्हईत त्यांचा शेजार, मधली भिंत तेवढी सामाईक.

हीच युक्ती कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथच्या टूलवर दिसते, फक्त आच चढलेली. पोलादी दांड्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची टिप बसवायची असते. पोलाद साधारण पंधराशे अंशांना वितळतं, कार्बाइड अठ्ठावीसशेच्या आसपास. टिप वितळवायच्या नादात लोखंड उकळीच्या दारात पोचेल! म्हणून मध्यस्थ घेतात पितळ, ते नऊशेच्या आसपास वितळतं. इथे नवसागराच्या जागी टाकणखार. वितळलेलं पितळ फटीत आपोआप ओढलं जातं, वातीत तेल चढावं तसं.

पण सांधा जमला म्हणून काम संपत नाही. तापल्यावर कार्बाइड पोलादाच्या निम्म्याहूनही कमी फुगतं, आणि निवताना आकसतंही तेवढंच कमी. पोलाद भराभर आखडतं, टिप जागची हलत नाही, आणि मग बारीक तडा जातो. मधलं पितळ मऊ असल्यामुळे थोडी ओढाताण सोसतं, सगळी नाही. पातेल्यावरचं कथील मऊ आणि पातळ, त्याला पाण्यात बुडवलेलं चालतं. टूलला ही घाई सोसत नाही. ते कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून ठेवतात, आणि हात लावण्याजोगं होईपर्यंत कारागिराचा चहा पिऊन झालेला असतो.