निवडक रंग (छायाचित्रण)

निवडक रंग ही छायाचित्र संपादनातील एक पद्धत आहे. तीत रंगीत छायाचित्राचा बहुतांश भाग कृष्णधवल केला जातो आणि एखादाच घटक मूळ रंगात ठेवला जातो. करड्या छटांमध्ये तो घटक एकटाच रंगीत असल्याने पाहणाऱ्याची नजर प्रथम त्याकडे वळते.

पूर्वेतिहास

संगणकपूर्व काळात कृष्णधवल छायाचित्रे कुंचल्याने रंगविली जात. भारतातही १९व्या शतकात अशी रंगविलेली व्यक्तिचित्रे प्रचलित होती. सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या 'बॅटलशिप पोटेम्किन' (१९२५) या मूकपटातील ध्वज चित्रफितीवर हाताने लाल रंगविण्यात आला होता. अकिरा कुरोसावा यांच्या 'हाय अँड लो' (१९६३) या कृष्णधवल चित्रपटात केवळ धुराडातून निघणारा धूर गुलाबी दिसतो. तोच गुन्ह्याच्या तपासातील महत्त्वाचा दुवा ठरतो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) मध्ये एका लहान मुलीचा कोट लाल आहे. पुढे मृतदेहांमध्ये तोच कोट दिसतो, तेव्हा असंख्य अनामिक बळींमधील एक जीव प्रेक्षकाला ओळखता येतो.

कार्यपद्धती

फोटोशॉप, गिंप यांसारख्या संगणकप्रणालींत पुढील क्रम अनुसरतात :

१. मूळ छायाचित्राची प्रत काढून तिच्यावर काम करणे.
२. छायाचित्राच्या थराची, म्हणजे लेयरची, दुसरी प्रत वर ठेवून ती कृष्णधवल करणे.
३. वरच्या थराला मास्क जोडणे. मास्कचा पांढरा भाग वरचा थर दाखवितो, तर काळा भाग तो झाकतो.
४. इष्ट घटकावर मास्कमध्ये काळा रंग फिरविणे. त्यामुळे खालचा रंगीत थर दिसू लागतो.
५. कडा ओलांडली गेल्यास पांढऱ्या रंगाने दुरुस्ती करणे.

मास्कमुळे मूळ रंग पुसले जात नाहीत, म्हणून चूक केव्हाही सुधारता येते. रंगाच्या आधारे आपोआप निवड करण्याचीही सोय असते. परंतु लाल रंग निवडताना ओठ व त्वचेच्या छटाही निवडल्या जाण्याचा संभव असतो.

मर्यादा

मूळ छायाचित्र कृष्णधवल जेपेग स्वरूपात साठविले असल्यास त्यातील रंग परत मिळत नाहीत. केसांसारख्या बारीक कडांवर निवड अचूक होणे कठीण असते. रंग दिलेल्या घटकाला आशयदृष्ट्या महत्त्व नसल्यास परिणाम केवळ सजावटीपुरता उरतो. वृत्तछायाचित्रणात ही पद्धत सामान्यतः वर्ज्य मानतात. कारण प्रसंगातील कोणती बाब महत्त्वाची, हे तेथे घटनेऐवजी संपादक ठरवितो.